काकांनी नाक फिरवलं का?

पगार घेताना सही करायला त्यांचं खरं नाव लागायचं, तेवढंच. एरवी गॅरेजांच्या त्या सबंध गल्लीत त्यांना सगळे नाकवाले काका म्हणायचे. असं नाव पडलं म्हणजे नाक चांगलं धारदार, लांबलचक असेल असं कुणालाही वाटेल, पण छे! बसकं, जरा डावीकडे कललेलं, चारचौघांत उठून न दिसणारं नाक. त्याची करामत दिसण्यात नव्हती, कामात होती.

काका विशीत या गल्लीत आले ते कार्बोरेटर साफ करायला. तेव्हा गल्लीत वास दोनच, एक पेट्रोलचा आणि एक डिझेलचा, आणि त्या दोघांत सगळ्यांची पोटं भरायची. मग शहर जे फुगायला लागलं ते थांबेचना. टेकड्यांवर वस्त्या चढल्या, बंदराकडे गोदामं उठली, नदीपलीकडे कारखाने आले आणि मधल्या माळावर, जिथं गुरंही चरायला जायची नाहीत, तिथं वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. धूर इतका वाढला की गच्चीवर वाळत घातलेले कपडे काळे व्हायला लागले. तेव्हा कुठे सरकारातल्या वरच्या लोकांना जाग आली. बसगाड्या बॅटरीवर गेल्या. बंदराचे ट्रक थंड करून पातळ केलेल्या गॅसवर गेले. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायला लागले आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप सडून मेकॅनिकांची चंगळ झाली. टेकडीवरच्या लोकांनी हौसेनं बॅटरीच्या स्कूटर घेतल्या आणि अर्ध्या चढावर उतरून, शिव्या घालत, ढकलत घरी नेल्या. ज्याच्या भागात जे मिळालं आणि ज्याला जे झेपलं ते त्यानं धरलं. रिक्षा, टॅक्सी आणि व्हॅनवाल्यांनी धरला टाकीत दाबून भरलेला गॅस. काकांच्या गॅरेजच्या मालकानं काळाची पावलं ओळखून पाटी बदलली आणि पेट्रोलच्या गाड्यांना गॅसचं किट बसवायला सुरुवात केली.

काका मुळात भित्रे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारे. त्यांनी पहिल्यांदा ती जाडजूड टाकी हातात घेतली तेव्हा ती तशीच खाली ठेवून ते चार पावलं मागे सरले होते, आणि हे त्यांनी कधी लपवलंही नाही. पण हाच भित्रेपणा कामी आला. गॅसला स्वतःचा वास नसतो; तो सुटला तर माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम कुजक्या अंड्यासारखा घाणेरडा वास मिसळतात. बाकीचे मेकॅनिक जोडांवर साबणाचं पाणी टाकायचे आणि बुडबुडे येतात का बघायचे. काकाही टाकायचे. पण काकांचं तेवढ्यावर भागायचं नाही. साबण पुसला की ते सगळ्यांना लांब उभं करायचे, इंजिन बंद करायला लावायचे, डोळे मिटायचे आणि टाकीपासून बॉनेटपर्यंत गाडीभर नाक फिरवायचे. कुठे केसाएवढी फट असली तरी ते तिथंच थांबायचे.

हळूहळू त्याची प्रथाच पडली. गॅरेजात टाकीत थोडासाच गॅस घालून जोड तपासायचे. मग गाडीवाला पंपावर जाऊन टाकी पूर्ण भरून आणायचा, कारण खरा दाब येतो तो तेव्हा. गाडी परत आली की काका नाक फिरवणार, "ठीक" म्हणणार, आणि मगच गाडी घरी जाणार. रिक्षावाले एकमेकांना विचारायचे, "काकांनी नाक फिरवलं का?" फिरवलं असेल तर पुढे बोलायची गरजच नसायची. मालक तर गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचा, "दुसरीकडे साबण लावतात. आपल्याकडे नाक आहे!" त्यानं एकदा गॅस शोधायचं यंत्रही आणलं होतं, पण ते रंगाच्या वासालासुद्धा बोंबलायचं, म्हणून ते कपाटात गेलं ते गेलंच.

अशा माणसाचा वास गेला.

झालं काही विशेष नाही. ताप आला, सर्दी झाली, आठवडाभर अंथरूण धरलं आणि उठले. काकूंनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि त्या शेजारी गेल्या होत्या. काका शेजारच्याच खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. काकू परत आल्या त्या दारातूनच ओरडत. दूध करपून पातेलं काळं झालं होतं, खोली धुरकटली होती आणि हा माणूस शांतपणे पान उलटत होता.

"अहो, नाक कुठे गहाण टाकलंय का?" काकू म्हणाल्या. म्हणाल्या थट्टेनं, पण काकांचा चेहरा पाहून त्यांचं हसू तिथंच विरलं. काकांनी पातेल्यात नाक घातलं. मग मसाल्याच्या डब्यात. मग रॉकेलच्या जुन्या बाटलीत. काहीच नाही. नुसती हवा.

डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कधीकधी नाहीही येत. वाट बघा."

काका वाट बघत राहिले आणि कुणालाही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "मालकांना सांगा. माणूसच आहेत तेपण." काका म्हणाले, "सांगतो, सांगतो." पण सांगणार कसं? मालकाच्या पाटीवर आता नाकाचं चित्रसुद्धा होतं. काकांना नोकरीची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती दुसरी होती. आपल्याला वास येत नाही हे बोलून दाखवलं की ते खरं होईल, असं त्यांना वाटायचं. न बोललं तर उद्या सकाळी उठावं आणि चहाचा वास यावा, इतकं ते सोपं वाटायचं.

तोवर त्यांनी आपल्यापरीनं निभावून नेलं. साबणाच्या पाण्याची एक बाटली त्यांनी स्कूटरच्या डिकीत ठेवली. गाडी पंपावरून भरून आली की ते काहीतरी निमित्त काढून तिला मागच्या शेडमध्ये न्यायचे, सगळे जेवायला गेले की गुपचूप प्रत्येक जोड पुन्हा साबणानं भिजवायचे, आडोशाचे जोड छोटा आरसा धरून बघायचे आणि सगळं पुसून टाकायचे. मग सगळ्यांसमोर डोळे मिटून नाक फिरवायचे. नाटकच ते. भीती मात्र नाटकातली नव्हती. रस्त्यानं आगीच्या बंबाची घंटा ऐकू आली की हातातला पाना तसाच राहायचा. बंब कुठल्या दिशेला गेला ते ऐकत ते उभे राहायचे आणि त्या दिशेला आपली कुठली कुठली गाडी राहते ते आठवायचे. रात्री जेवण जायचं नाही. तसंही सगळं जेवण आता मातीसारखं लागायचं.

अशात लेकीचा फोन आला.

लेक शाळेची व्हॅन चालवायची. नवरा गोदामात पाळीवर, सासूबाई घरी नातवाला सांभाळणाऱ्या, आणि ही सकाळ-दुपार दुसऱ्यांची मुलं गोळा करून शाळेत पोहोचवणारी. मुलं तिला व्हॅनताई म्हणायची. शाळेनं फर्मान काढलं होतं की सुट्टीनंतर दारात गाडी आणायची तर गॅसवरची नाहीतर बॅटरीवरची. बॅटरीची व्हॅन म्हणजे तिच्या दृष्टीनं विमानच. मग राहिला गॅस.

"बाबा, किट तुम्हीच बसवायचं हं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अगं, हल्ली कंपनीची सेंटरं चांगली असतात," ते म्हणाले. "मशीनवर तपासून देतात."

"मशीनला माझी मुलं कुठे माहीत आहेत?" ती हसून म्हणाली. "तुम्ही नाक फिरवलंत की मी डोळे मिटून गाडी चालवीन. म्हणजे, उघडे ठेवूनच चालवीन."

काकांनी ते किट बसवलं ते जीव ओतून. टाकी मागच्या सीटखाली बसली. प्रत्येक नट त्यांनी घट्ट केला, सोडला, परत घट्ट केला. साबण लावून लावून जोड असे चकाकायला लागले की मालक म्हणाला, "काका, लेकीच्या गाडीला आंघोळच घातलीत की!" एकच जोड असा होता की जो टाकीच्या मागे, पत्र्याकडे तोंड करून होता. तिथं आरसाही नीट जायचा नाही. थोड्या गॅसवर त्या जोडाला बुडबुडे आले नाहीत. टाकी भरून आली की सीट काढून तो पुन्हा बघायचा, हे काकांनी मनाशी पक्कं केलं.

आणि तिथंच घात झाला. मालक धंद्याचा पक्का. शाळेच्या सगळ्याच व्हॅन आता गॅसवर जाणार, हे त्याला कळलं होतं. त्यानं शाळेच्या बाकीच्या व्हॅनवाल्यांना चहाला बोलावलं. लेक पंपावरून टाकी भरून आली तेव्हा गॅरेजच्या दारात ही मंडळी कप हातात घेऊन उभी. दोन-तीन मुलांच्या आयाही आल्या होत्या.

"या, या," मालक म्हणाला. "आता बघा आमच्या काकांची कमाल. काका, होऊन जाऊ दे!"

काकांनी मागच्या शेडकडे बघितलं. "जरा आत घेऊन..." ते पुटपुटले.

"आत कशाला? इथंच उजेडात!" मालकानं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

सगळे लांब सरकले. इंजिन बंद झालं. लेक कौतुकानं बघत होती. लहानपणापासून तिनं बापाचं हे रूप बघितलेलं, शेजारणींना अभिमानानं सांगितलेलं. काकांनी डोळे मिटले आणि वाकले. टाकीपाशी नाक नेलं. हवा. नळीपाशी नेलं. हवा. त्यांनी श्वास इतका जोरात ओढला की छातीत दुखलं. देवाशपथ, त्या क्षणी त्यांनी मनातल्या मनात त्या कुजक्या वासाला हात जोडले, ये रे बाबा, एकदा ये. बॉनेटपर्यंत पोहोचायला त्यांना फार वेळ लागला. पाठीमागे एक आई हळूच म्हणाली, "किती मन लावून बघतात!"

काका सरळ झाले. कपाळावरचा घाम पुसला.

"ठीक," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. मालकानं आणखी चहा मागवला. काका लेकीजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "गाडी ठेवून जा आज. एक जोड परत बघतो."

"आता ठीक म्हणालात ना?" तिनं किल्ली फिरवली. "शाळा सुटायची वेळ झाली, बाबा. मुलं दारात उभी राहतील." आणि ती गेली. काका रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गाडी वळणापलीकडे गेली तरी त्यांचा हात वर तसाच होता.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. गाडी खेचते ना, चढावर दम खात नाही ना, ब्रेक कसे आहेत, क्लच जड तर नाही, सगळं विचारलं. एकच विचारलं नाही. नाकवाल्या माणसानं आपणच पास केलेल्या गाडीबद्दल वास येतो का म्हणून विचारायचं कसं? "मस्त चाललीय, बाबा," लेक म्हणाली. मागून नातवाचा आरडाओरडा ऐकू येत होता. काकांना जरा हायसं वाटलं. मस्त चाललीय म्हणजे सगळं ठीकच असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि ती सकाळपर्यंत कशीबशी पुरली.

सकाळी गारठा होता. काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"लेकीच्या गाडीवर नाक फिरवलंत?"

"फिरवलं."

"कुठलं?" काकू म्हणाल्या.

काकांनी कप खाली ठेवला. काकू रागानं बोलल्या नव्हत्या, आवाजही चढवला नव्हता. त्या नुसत्या बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत काकांना तीच भीती दिसली जी ते इतके दिवस एकटेच बाळगून होते. गारठा आहे. म्हणजे व्हॅनच्या काचा बंद असणार. हा विचार त्यांच्या डोक्यात आला मात्र, आणि ते उठले. चपला उलट्यासुलट्या घातल्या. काकू मागून काहीतरी ओरडल्या ते ऐकू आलं नाही.

लेकीला फोन लावला, तो उचलला नाही. गाडी चालवताना ती कधीच उचलायची नाही. ही शिस्त त्यांनीच तिला लावली होती. मग त्यांनी स्कूटर अशी हाणली की जन्मात कधी हाणली नव्हती. लाल दिवा त्यांना दिसलाच नाही. एका ट्रकवाल्यानं आईबहिणीवरून उद्धार केला. लेकीचा रस्ता त्यांना पाठ होता, आधी इमारती, मग नाका, मग शाळा. नाक्याचा रस्ता अर्धा खोदलेला. बॅटरीच्या बसगाड्यांना चार्जिंग करायला तिथं मोठी शेड उभी राहत होती आणि तिच्यामुळे सकाळी गाड्यांची ही रांग लागायची.

रांगेच्या मधोमध लेकीची पिवळी व्हॅन होती. काचा बंद. आतून वाफ धरलेल्या काचेवर कुणीतरी बोटानं मासा काढला होता. आणि वर, शेडच्या लोखंडी तुळईवर बसून एक माणूस वेल्डिंग करत होता. ठिणग्या भराभर खाली येत होत्या, रस्त्यावर आपटून विझत होत्या. व्हॅन रांगेबरोबर हळूहळू त्यांच्याच दिशेनं सरकत होती.

काकांनी स्कूटर तिथंच सोडून दिली, ती आडवी पडली. डिकी उघडून बाटली काढली आणि ते गाड्यांमधून धावत सुटले. "बंद कर! इंजिन बंद कर!" त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. ते व्हॅनच्या पुढ्यात हात पसरून उभे राहिले. लेकीनं करकचून ब्रेक मारला.

"बाबा! वेड लागलंय का? मध्येच काय..."

"बंद कर आधी! मुलांना उतरव! सगळ्यांना! लांब ने, त्या भिंतीपाशी!" आणि वर बघून ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "ए भाऊ! वेल्डिंग थांबव! थांबव रे!"

त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की लेकीनं पुढे विचारलं नाही. तिनं किल्ली काढली, दार सरकवलं आणि मुलांना हाताला धरधरून उतरवायला लागली. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले. वरचा माणूस तोंडावरची काच सरकवून बघत राहिला, ठिणग्या थांबल्या. दप्तरांसकट मुलांची ओळ भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. कुणाला मजा वाटत होती, कुणी रडायच्या बेतात होतं.

काका आत शिरले. मागची सीट उचकटून काढली. आत त्यांना कसलाही वास येत नव्हता. स्वच्छ, गार हवा. सगळं ठीक असेल, त्यांना वाटलं. मी उगीच तमाशा केला, लेकीची अब्रू घालवली, चालेल, देवा, चालेल, सगळं ठीकच असू दे. त्यांनी टाकीमागे हात घालून त्या पत्र्याकडच्या जोडावर बाटली पिळली आणि मान वाकडी करून बघितलं.

जोडावर फेस आला. आधी बारीक, मग मोठे मोठे बुडबुडे, एकावर एक, फुटतायत आणि परत येतायत.

त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. मग ते बाहेर येऊन फुटपाथवर बसले. लेक समोर आली, तेव्हा ती मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात बोलत होती.

"गळती होती?"

"होती."

"पण काल तर तुम्ही..."

"मला वास येत नाही," काका म्हणाले. "तापापासून. काही म्हणजे काही येत नाही. काल मी नुसता वाकलो होतो."

ते तिच्याकडे बघत नव्हते. शिव्या येतील, रडणं येईल, सगळ्याला त्यांची तयारी होती. शेवटी त्यांनीच वर बघितलं. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला येत होता, बाबा," ती म्हणाली. "काल दुपारपासून येत होता."

काका फुटपाथवरून उठून उभे राहिले.

"चांगला उग्र येत होता. मागची मुलंसुद्धा नाकं दाबून बसली होती. मुलांतली ती धाकटी तर आज सारखी म्हणत होती, ताई, काच उघड, घाण वास येतोय." तिनं भिंतीकडे बघितलं. धाकटी पाण्याची बाटली छातीशी धरून त्यांच्याकडेच टक लावून बघत होती. "मी तिला ओरडले. म्हटलं, गप्प बस, गारठा आहे. म्हटलं, गाडीवर माझ्या बाबांनी नाक फिरवलंय."